सवतीचा टाक

(खालापूरकडचं एक गाव. साल १९८३, कार्तिकातली दुपार. सारवलेल्या अंगणात सखा कारखान्यातून मागून आणलेलं यंत्र जुळवतो आहे. त्याचा चुलतभाऊ हिरामण ओट्यावर बसला आहे. हिरामणची बायको सुंदरा उंबऱ्यात तांदूळ निवडते आहे.)

सखा: म्हणून सांगतो दादा, आवसेलाच निघायचं. आवसेची ओहोटी लय लांब जाते. गेल्या साली जितं कंबरेएवढं पाणी होतं, तितं आपण कोरड्या पायानं हिंडू.

हिरामण: आवसेला घर सोडायचं? डोकं ठिकाणावर हाय का तुझं? एक तर काम असलं.

सखा: पुनवेला बी तशीच ओहोटी असते, पण पुनव गेली. आता येत्या रविवारी आवस हाय, नि मशीन मला रविवारचंच मिळतंय. फोरमनला सांगितलंय, गावात नळाचा पाइप गाडलेला हाय, तो शोधायचाय. सोमवारी पयल्या पाळीला परत नेलं नाय तर माझी नोकरी गेली म्हणून समज.

हिरामण: बरं बरं. कसं जायचं?

सखा: खोपोलीहून पयली एस्टी पेणची. पेणहून अलिबाग. तितनं किहीमला टेंपो मिळतो, नायतर चालत. मशीन गोणपाटात गुंडाळू. कोणी इचारलं तर सांगायचं, छत्रीचा दांडा हाय.

सुंदरा: कार्तिकात छत्री?

सखा: तेबी खरंच. मग सांगू, नांगराचा फाळ हाय.

हिरामण: तू पयला बोलणं कमी कर. जागा माझ्या पक्की ध्यानात हाय. वाळूत एक निळी होडी होती. तिच्या शेपटाकडनं उजव्या अंगाला.

सखा: होडी?

हिरामण: हां. मोठी. निळी.

सखा: अरं दादा, होडी काय शेताचा बांध हाय का? ती गेली असंल कवाच मासे मारायला!

हिरामण: मग दुसरं काय बघून ठेवणार? समदी वाळू सारखीच दिसते.

सुंदरा: दोन माड हायत. एकाला शेंडा नाय, वीज पडलेली. त्या दोघांच्या मधोमध.

हिरामण: तुला कोणी इचारलं?

सुंदरा: कोणी नाय. पण गळ्यातला टाक लाटेत गेला माझ्या. वाळू उकरत मी बसले होते. तुमी टेंपोत बसून हाका मारत होता, चल गं, मंडळी खोळंबली.

हिरामण: खात्याची सहल होती ती. पन्नास माणसं काय तुझ्यासाठी बसून ऱ्हाणार?

सुंदरा: मी कुठं म्हणते बसायला पायजे होतं? माड सांगितले तुमाला. होडी शोधत बसाल म्हणून.

सखा: ऱ्हाऊ द्या वैनी. माडच बरे, ते चालत जात नायत. दादा, आता हे मशीन बघ. हा दांडा, ही खालची थाळी, हिला कॉइल म्हणतात. जमिनीच्या अगदी जवळनं फिरवायची, शेणानं सारवतात तशी. खाली काय असलं तर कुई करून वरडतं. नि हा काटा बघ. लोखंड असलं तर डावीकडं जातो. पितळ असलं तर मधेच लटपटतो. नि चांदीला पार उजव्या कडेला जाऊन आपटतो. हा हेडफोन कानाला लावला की आवाज एकट्यालाच. वायर काढली तर समद्या आळीला. आता काढलेलीच हाय.

हिरामण: आण हिकडं. बघू मला.

सखा: दमानं. असा धर. पोटाशी नको, लांब... ऐकलं का? लागलाच की वरडायला! अंगणात काय पुरलंय रं?

हिरामण: मी काय पुरणार?

सखा: थांब. आता तू मागं सर. बघ, गप झालं. पुढं ये. वरडलं! दादा, सदऱ्याच्या आत काय हाय तुझ्या?

हिरामण: काय असणार? करदोटा हाय.

सखा: चांदीचा? मग रविवारी तो काढून घरी ठेव.

हिरामण: करदोटा काढून? जित्या माणसानं? सख्या, तुला बापानं काय शिकवलंय का नाय? बाप्याच्या कंबरेचा करदोटा तोडतात तो तिरडीवर.

सखा: मग मशीनला हात लावू नको. मी धरतो, तू मागनं लांब चाल. नायतर समुद्रावर दिवसभर तुझाच करदोटा सापडत ऱ्हायचा.

हिरामण: चालंल. तूच धर.

सखा: काकी कुठं दिसत नाय? तिला बी दाखवलं असतं. पण हेडफोन लावूनसुद्धा तिला ऐकू यायचं नाय म्हणा.

हिरामण: कळंबला गेलीय. मावशीकडं.

सुंदरा: मावशीकडं नाय भावजी. मावशीच्या दिराची पोरगी हाय, तिला बघायला.

सखा: कोणासाठी?

सुंदरा: घरात बिनलग्नाचा बाप्या दुसरा कोण हाय? एकच हाय, नि तोबी लग्नाचाच.

सखा: दादा, काय बोलतात वैनी?

हिरामण: आये गेलीय नुसती. बघितलं म्हंजे काय लगीन लागलं? तिच्या मनात बसलंय, मी काय करू?

सुंदरा: भावजींना नीट सांगा की. चोरी थोडीच हाय? भावजी, आत्यांनी सांगून ठेवलंय. टाक सापडला तर सुंदरा या घरात ऱ्हाईल. नाय सापडला तर तिनं माहेरी जावं, काडीमोड घ्यावी. ज्या बाईला सवत सांभाळता आली नाय, तिच्या हातनं घर काय सांभाळलं जाणार?

सखा: अगं पण टाक म्हंजे... आपला देव्हाऱ्यातला असतो तसाच ना? पत्र्यावर ठोकून काढलेली बाईची मूर्ती?

सुंदरा: तसाच. फक्त देव्हाऱ्यात नाय, गळ्यात. पयली मेली नि दुसरी आली, की दुसरीनं पयलीला गळ्यात बांधून हिंडायचं. म्हंजे ती रागावत नाय, पोराबाळांना तरास देत नाय. बहीण होती तवा माझ्या गळ्यात हात टाकून निजायची. मेली, नि माझी सवत झाली.

सखा: गौरावैनी तुमची थोरली बहीण. हे मी इसरतोच बघा.

सुंदरा: समदेच इसरतात. बापानं एकाच दारात दोन पोरी दिल्या.

हिरामण: झालं का तुझं सुरू?

सुंदरा: सुरू कधी बंद होतं? कार्तिकात टाक हरवला, चैत्रात पोर झालं, पाचवीच्याच दिवशी गेलं. आत्या म्हणाल्या, सवतीनं नेलं. मी म्हटलं, माझी ताय माझं पोर नेईल? जिनं मला कडेवर घेऊन वाढवलं ती? तर म्हणाल्या, मेल्यावर बहीण बहीण नसते, सवतच असते.

सखा: काकीच्या मनाला लागलं असंल हो वैनी. तिचा बी नातूच होता.

सुंदरा: होता ना. मी काय त्यांना दोष देत नाय. त्यांचा इश्वास हाय, नि इश्वास खोटा नसतो. नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या त्या, तो गार पडला तरी सोडत नव्हत्या.

हिरामण: म्हणून तर चाललोय ना समुद्रावर! तुझ्यासाठीच चाललोय. सख्याला हातापाया पडून मशीन आणायला लावलं. आवसेचं निघतोय. अजून काय करू?

सुंदरा: माझ्यासाठी. बरं. मी येणार हाय संगं.

हिरामण: तुझं काय काम?

सुंदरा: माड दाखवीन.

हिरामण: दोन माड बघायला काय बाई लागते? भाकऱ्या बांधून दे, सुकट दे. तेवढं पुरे.

सखा: दादा, येऊ दे की त्यांना. बरं, आता मला मशीन लावून घेऊ दे. चांदीचा नमुना पायजे, म्हंजे काटा कुठवर जातो ते खडूनं खूण करून ठेवतो. वैनी, तुमची जोडवी द्या जरा.

सुंदरा: जोडवी? अवो भावजी, नवरा जिता असताना कुठली बाई जोडवी काढते?

सखा: चुकलं माझं! या घरात कोणी काय काढायलाच तयार नाय. मग असं करा, पाय पुढं ठेवा. मी वरनं फिरवतो.

सुंदरा: हा घ्या. चिखल लागलाय. शेतातनं आलेय.

सखा: चिखल मशीनला दिसत नाय. बघा... कुई! बघितलंत? काटा पार उजव्या कडेला. पक्की चांदी. बापानं दिलेली ना?

सुंदरा: माझ्या बापानं. गरीब होता, पण पोरीच्या पायाला कधी खोटं घातलं नाय त्यानं.

सखा: झाली खूण. आता वाळूत असा काटा गेला की खणायचं, नायतर पुढं जायचं. नायतर दिवसभर सोडाबाटलीची बुचं उकरत बसू. दादा, टाक चांदीचाच ना?

हिरामण: मग कशाचा असणार?

सखा: इचारून घेतो. पुन्हा तितं जाऊन भानगड नको. पितळ-बितळ असलं तर मी सोडून देणार पुढं.

हिरामण: चांदीचा रं. किती वेळा सांगू?

सुंदरा: भावजी, पितळेला काटा कुठं जातो म्हणालात?

सखा: मधे. नुसता लटपटतो.

सुंदरा: मग तितं बी एक खूण करून ठेवा.

हिरामण: काय बडबडतेस गं?

सुंदरा: बडबडत नाय. वाळूत हिंडून यायचं, नि टाकावरनं पाय टाकून पुढं जायचं, नि घरी येऊन सांगायचं, नाय सापडला बाबा. मग मी चालले माहेरी. तसं नको व्हायला. म्हणून म्हटलं, पितळेची बी खूण करा.

सखा: वैनी, काय बोलताय ते कळत नाय मला.

सुंदरा: हा माझा गळा बघा. हितं, खळगीत. अजून दिसतं का? वरीस झालं, आता पुसलं असंल. पण टाक होता तवर हितं हिरवा डाग असायचा. रोज राखेनं घासायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवा. चांदी काळी पडते भावजी. हिरवं पडतं ते पितळ.

सखा: दादा?

हिरामण: मला काय ठावं? सोनारानं फसवलं असंल! कर्जतच्या बाजारातला सोनार, त्यांचा काय भरवसा? चकाकत होता, मी आणला.

सुंदरा: सोनारानं फसवलं.

हिरामण: मग? माझ्यावर येतेस काय?

सुंदरा: नाय हो. तुमच्यावर कशाला येऊ? मला फक्त एवढं सांगा, सोनाराला तुमी काय दिलं होतं?

हिरामण: काय म्हंजे? पैसे दिले.

सुंदरा: पैसे नाय. आपल्यात मेलेल्या बाईच्या अंगावरच्याच चांदीचा टाक करतात. आत्यांनी स्वतः तायच्या पायातले तोडे सोडले. मी होते तितं. तायला न्हाऊ घातलं होतं, पाय फुगले होते, तोडे निघत नव्हते. आत्या रडत होत्या नि तेल लावून सोडवत होत्या. म्हणत होत्या, गौरे, तुझ्याच चांदीत बसवते गं तुला, रागावू नको. नि तुमच्या हातात दिले. एवढाले दोन तोडे.

सखा: तेवढ्या चांदीत धा टाक झाले असते.

सुंदरा: तेच मी म्हणते.

हिरामण: सोनारानं खाल्ली चांदी. अजून किती वेळा सांगू? चोर साला. आता तो गावात बी नाय, दुकान बंद करून गेला.

सुंदरा: मग सोनारानं खाल्लेली चांदी कुठं गेली ते बघू. भावजी, मशीन फिरवा.

सखा: कुठं?

सुंदरा: त्यांच्याकडं.

हिरामण: ए सख्या! लांब हो. लांब हो म्हणतो ना!

सखा: दादा, मी काय केलं नाय. मी नुसता वळलो... बघ, वाजतंयच की.

सुंदरा: काटा बघा भावजी. वाजणं सोडा. काटा कुठं हाय?

सखा: कडेला. पार खुणेवर. तुमच्या जोडव्यासारखाच.

हिरामण: करदोटा चांदीचा हाय हे काय लपवून ठेवलं होतं का मी? मघाशीच सांगितलं!

सुंदरा: सांगितलं. पण आला कुठनं ते नाय सांगितलं. ताय होती तवर तुमच्या कंबरेला काळा गोफ होता. तायनंच वळलेला. माझं लगीन झालं, तुमी मला न्हाणीत पाठ चोळायला बोलावलं, तवा पयल्यांदा बघितला. नवाकोरा, बोटाएवढा जाड. मला वाटलं, ठीक हाय, टाक करून उरलेल्या चांदीचा केला असंल. बायकोची आठवण ठेवलीय. मला बरं वाटलं होतं, काय सांगू तुमाला. पंधरा दिसांनी गळा हिरवा झाला.

हिरामण: असला करदोटा काय एकाच्या कंबरेला असतो? समद्या कारखान्यात हाय.

सुंदरा: भावजी, करदोट्याचा फासा बघा. पुढनं अडकवायचा असतो ना, तो. त्यावर पोपट हाय का?

सखा: वैनी, मी कसं दादाच्या अंगाला...

सुंदरा: सदरा तर वर झालाच हाय. लांबूनच बघा.

सखा: हाय. पोपट हाय.

सुंदरा: चोच हाय का त्याला?

सखा: ...नाय. चोच नाय.

सुंदरा: मी तोडली ती. दातानं. ताय माहेरी आली की तिचे तोडे मला घालायला द्यायची. फासा लय घट्ट होता, हातानं निघायचा नाय. मी वाकून दातानं वढला, पोपटाची चोच माझ्या तोंडात आली. बाप मारील म्हणून मी रडायला लागले. ताय म्हणाली, गप, सांगीन की दगडावर आपटला.

सखा: दादा, हे काय केलंस रं?

हिरामण: काय केलं? खून केला का? तुमी समदे असं बघताय जसा काय मी... अरं, तवा मी कारखान्यात नुकताच लागलो होतो. आंघोळीला समदे एका नळावर. प्रत्येकाच्या कंबरेला चांदी, नि माझ्या कंबरेला काळा दोरा. हसायचे. म्हणायचे, बैलाची वेसण आलीय. सोनार म्हणाला, टाकाला पितळेचा पत्रा लावतो, वरनं चांदीचं पाणी देतो, कोणाच्या बापाला कळणार नाय. मी म्हटलं, ठीक हाय. मेलेल्या माणसाला काय कळतंय पितळ काय नि चांदी काय? भाव लागतो. मनात भाव असला म्हंजे झालं!

सुंदरा: भाव.

हिरामण: हां, भाव!

सुंदरा: माझा भाव कमी होता का? रोज सकाळी आंघोळ झाली की गळ्यातल्या गळ्यात तायला हळदकुंकू लावत होते. गोडाधोडाचं केलं की पयला घास टाकाला दाखवून खात होते. भावच लागत असंल तर मग पोर गेलंच कसं?

हिरामण: ते मला काय ठावं?

सुंदरा: नि चांदीच लागत असंल, तर तायची चांदी कोणी नेली? एक काय ते सांगा. भाव म्हणा नायतर चांदी म्हणा. दोन्ही बाजूंनी मीच कशी मरणार?

सखा: वैनी, बसा तुमी. तांदूळ सांडले.

सुंदरा: सांडू द्या. भावजी, चैत्रापासनं मी मरत होते. वाटायचं, मीच आईपणाला लायक नाय. वाटायचं, पाण्यात उतरले नसते तर पोर जगलं असतं. रात-दिस तायला म्हणायचे, तुला काय कमी केलं गं मी, की माझं पोर नेलंस? बहिणीला शिव्या घातल्या मी. मेलेल्या बहिणीला. नि तुमी मला शिव्या घालू देत होता! रोज त्या करदोट्याला साबण लावत होता, नि बघत होता!

हिरामण: हळू बोल. शेजारी ऐकतील.

सुंदरा: काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. तुमचा तर समुद्राला वळसा. मशीन आणलं, एस्ट्या ठरवल्या, आवस धरली. जी चांदी कंबरेला बांधलीय ती शोधायला किहीमला निघालात. सापडणार नाय हे ठावं होतं ना तुमाला?

हिरामण: टाक तर सापडला असता. पितळेचा का असंना.

सुंदरा: कसा सापडणार? भावजींना तुमीच सांगितलं, चांदीचा हाय. चांदीच्या खुणेनं पितळ शोधायला पाठवत होता त्यांना. म्हंजे समुद्राला जाऊन आलो, समदं केलं, बायकोचं नशीबच फुटकं, असं म्हणायला मोकळे. नि मावशीच्या दिराची पोरगी तयारच हाय.

सखा: हे मात्र खरं दादा. मी त्यावरनं पाय टाकून गेलो असतो.

हिरामण: तू गप रं! मशीन आणलं म्हणून काय लय शहाणा झालास? आपलं घरचं हाय. ऐक सुंदरे. झालं ते झालं. आपण रविवारी जाऊ. वाटल्यास तू बी चल. कर्जतला नवा सोनार आलाय, त्याच्याकडनं चांदीचा टाक करून घेतो. चांगला, खरा. आयेला सांगू, समुद्रात सापडला. ती कळंबचं इसरून जाईल. तू बी ऱ्हाशील. सख्या, तू बी काय बोलू नको.

सुंदरा: कशाची चांदी?

हिरामण: बाजारातनं घेऊ.

सुंदरा: तायच्याच चांदीचा लागतो.

हिरामण: सुंदरे, तुझं लगीन ऱ्हातंय हे बघ. बाकीचं कशाला उकरतेस?

सुंदरा: करदोटा काढा. त्यातलं थोडं तोडा, तायला परत द्या. मी एक शब्द बोलणार नाय. आत्यांना बी सांगणार नाय. आईच्यान. एवढंच मागते.

हिरामण: करदोटा नाय काढणार मी.

सुंदरा: नवा काळा गोफ मी वळून देते. तायसारखा. आधी तो बांधा, मग हा काढा. क्षणभर बी कंबर उघडी नाय ऱ्हाणार.

सखा: काढ दादा. एवढं म्हणतात त्या.

हिरामण: नाय म्हणतो ना! कारखान्यात काय सांगू? बायकोनं उतरवला? आणि असला अवलक्षणी प्रकार... करदोटा मेल्यावरच सुटतो बाप्याचा.

सुंदरा: तायचे तोडे बी मेल्यावरच सुटले. जित्यापणी कोणाला देत नव्हती ती, माझ्याशिवाय.

हिरामण: तुझं हेच. प्रत्येक गोष्टीत ताय, ताय. मग जा की माहेरी! तिच्यासारखीच वंगाळ जीभ हाय तुझी.

सखा: दादा!

सुंदरा: बोलू द्या भावजी. निदान आज खरं तरी बोलतायत.

सखा: मी मशीन बांधतो. मला काय हे बघवत नाय. दादा, रविवारी मी येणार नाय. तूच जा तुझा करदोटा घेऊन. एस्टीचा आवाज आला काय?

हिरामण: आली वाटतं चौकची गाडी. पिंपळाखाली कोण उतरलं बघ.

सखा: काकीच हाय. हातात पिशवी हाय. लय चालवत नाय तिला, बसत बसत येतेय.

हिरामण: सुंदरे, डोळे पूस. तांदूळ भर सुपात. सख्या, ते मशीन आवर पयलं. गोणपाटात घाल. आयेला काय कळता कामा नये, ऐकतोस ना? सुंदरे, ऐकलंस ना? दमलेली असंल ती. तिला पाणी दे.

सुंदरा: देते की. गूळ बी देते. भावजी, मशीन बांधू नका.

सखा: का वैनी?

सुंदरा: ती हेडफोनची वायर तेवढी काढलेलीच ऱ्हाऊ द्या. आत्यांना जरा कमी ऐकू येतं.